काकांच्या पार्लरमधले जुने गेमिंग अंक, पेन्सिलीच्या नोंदींसकट कसे जपावेत?

गावभाग_सांगली

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल, म्हणून सविस्तर लिहिते.

सांगलीत गावभागात माझ्या काकांचं १९९२ ते २००२ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दहा बाय बाराची खोली, चार टीव्ही, चार 'मीडिया' कन्सोल (टीव्हीला जोडायचे गेमचे डबे), अर्ध्या तासाला पाच रुपये. काका दोन-तीन महिन्यांतून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचे आणि लॅमिंग्टन रोडवरून गेमच्या कॅसेटी आणायचे (कार्ट्रिज हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं). परतीची गाडी रात्रीची. मधल्या वेळात ते फाउंटनच्या फुटपाथवर जुनी मासिकं धुंडाळायचे. तिथं त्यांना ब्रिटिश गेमिंग मासिकं मिळायची, 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' आणि 'मीन मशीन्स'. असे ४१ अंक जमले. अंक १९९० ते १९९४ चे आहेत.

काका मराठी माध्यमातून दहावी शिकलेले. पार्लर बंद केल्यावर रात्री शब्दकोश घेऊन बसायचे, एकेक पान लावायचे आणि समजलं ते समासात पेन्सिलीनं मराठीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी तो अंक गल्ल्याशेजारी उघडा ठेवलेला असायचा. कुठं अडलेला पोरगा येऊन बोट ठेवून वाचायचा आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसायचा. मीही त्यांतलीच एक होते.

एका अंकात 'प्रोबोटेक्टर' नावाच्या गेमचं परीक्षण आहे. चित्रात दोन रोबो बंदुका घेऊन पळतायत. शेजारी काकांनी लिहिलंय, "हाच आपला कॉन्ट्रा. तिकडं माणसांच्या जागी रोबो घातलेत. नकाशा तोच." त्याच्याखाली, "धबधब्यात पुढच्यानं थांबायचं. तो वर गेला की स्क्रीन सरकते आणि खालचा मरतो." मारिओच्या ८-४ या शेवटच्या टप्प्याचा नकाशा एका जाहिरातीच्या कोऱ्या भागात आखलाय, कुठल्या नळात शिरायचं त्याचे बाण काढून. तिथं चुकीच्या नळात गेलं की पुन्हा सुरुवातीला येऊन पडतो, आणि अर्ध्या तासाचे पाच रुपये त्यातच संपायचे. कॉन्ट्रातल्या तीस जिवांची युक्तीही आहे, वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, आणि पुढं ठळक अक्षरात, "दोघं खेळणार तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट."

आता अवस्था सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा काकूंनी आणि चुलतभावानं ट्रंक माळ्यावर चढवली. सात अंक खाली कपाटात राहिले, ते भिजले. उन्हात वाळवले तर गुळगुळीत कागद एकमेकांना चिकटून अक्षरशः वीट झालीय. बाकीचे ३४ शाबूत आहेत, पण मधल्या पिना गंजल्यात, गंज पानांवर उतरलाय, काही मुखपृष्ठं कसरीनं खाल्लीत. तीन-चार ठिकाणी कुणीतरी सेलोटेप लावलाय, तो तपकिरी पडलाय.

काका आता ७१ वर्षांचे आहेत. डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, छापील अक्षर लागत नाही. टीव्हीवर मोठं करून दाखवलं की लागतं. मागच्या महिन्यात मला म्हणाले, "ते अंक एकदा बघायला मिळाले असते तर बरं होतं गं." तेवढ्यासाठी हे सगळं.

पिनांचं काय करू? पेन्सिल पुसट झालीय, ती स्कॅनमध्ये येईल का? विटेचं काही होऊ शकतं का? हे इंटरनेटवर टाकलं तर चालतं का? एक मीडिया कन्सोल बंदुकीसकट शिल्लक आहे. जोडला तर लाल दिवा लागतो, चित्र येत नाही.

फ्लॅटबेड

छान संग्रह आहे. मी गेली नऊ वर्षं जुनी संगणक मासिकं स्कॅन करतोय. सगळ्यात जलद उपाय म्हणजे पाठीकडची कड प्रेसमधून कटिंग मशीनवर कापून घ्या, सुटी पानं फीडरच्या स्कॅनरमध्ये घाला. ३४ अंक दोन रविवारांत होतील. जगभर बरेच जण असंच करतात.

खळ_टिपकागद

ताई, कृपा करून कटिंग मशीनजवळ जाऊ नका. फ्लॅटबेड यांच्याबद्दल आदर आहे, पण ज्या अंकाच्या हजारो प्रती निघाल्या त्याला हा न्याय ठीक. काकांच्या अक्षराची प्रत एकच आहे. शिवाय कटिंगमध्ये पाठीकडचे चार-पाच मिलिमीटर जातात आणि माणूस समासातच लिहितो.

मी एका सार्वजनिक वाचनालयात २६ वर्षं बांधणीचं काम केलं. मधल्या पिनेचे अंक मुळात न कापता सुटतात. अंक बरोबर मध्यावर उघडा. पिनेची दुमडलेली टोकं आत दिसतील. पातळ, बोथट पट्टी (चित्रकाराचा जुना पॅलेट चाकू उत्तम) टोकाखाली सरकवून ती हळूच उभी करा. पिनेखाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा म्हणजे कागदाला ओरखडा जाणार नाही. दोन्ही टोकं सरळ झाली की अंक पालथा घालून पिन बाहेरून ओढा. गंजानं धरून ठेवली असेल तर ओढू नका, पक्कडीनं मधोमध तोडा आणि दोन तुकडे वेगवेगळे काढा. आता पानांच्या जोड्या सुट्या होतील. त्या सपाट ठेवून निवांत स्कॅन करा. झाल्यावर त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्यानं शिवा आणि आत गाठ मारा. नवीन पिन मारायची नाही. सांगलीच्या हवेत ती दहा वर्षांत पुन्हा गंजेल.

पाठ चौकोनी आणि डिंकानं चिकटवलेली असेल तर मात्र सोडवू नका. असा अंक पूर्ण न उघडता, आधाराला उशी देऊन वरून कॅमेऱ्यानं फोटो घ्या.

सेलोटेप ओढायचा नाही. डिंक कागदात मुरलेला असतो, टेपबरोबर छपाईच निघून येते. तपकिरी झालेला टेप पुष्कळदा स्वतःच सुटत आलेला असतो, तेवढाच उचला. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची ताजी खळ. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती इथं नको, डाग पडतात.

कसरीसाठी अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. मग वर्षातून दोनदा मऊ ब्रशनं झटका. वेखंडाच्या कांड्या सुती पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा, कागदाला टेकू देऊ नका.

आता वीट. खरं सांगतो, आशा कमी ठेवा. गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा थर असतो. भिजला की मऊ होतो आणि दोन पानं दाबात वाळली की दोन्ही थर एकजीव होतात. ओले असतानाच पानोपानी मेणकागद घालून वाळवले असते, किंवा दोन दिवसांच्या आत गोठवून ठेवले असते तर वाचले असते. हे दोष म्हणून सांगत नाही. पुरात माणसं वाचवायची असतात. वाचणाऱ्यांतल्या कुणाकडं भिजलेलं काही असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहिलं. सुरीनं, वाफेनं, गरम पाण्यानं विटेशी झटापट करू नका. कोपऱ्यातून सहज सुटतील तेवढीच पानं सोडवा.

आणि ठेवण्याची जागा. तुमच्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून असेल. कपाट कुठलंही घ्या, पण अंकांचा खण त्या खुणेच्या वर.

फ्लॅटबेड

खळ_टिपकागद यांचं बरोबर आहे. नोंदींचा भाग मी पुरेसा लक्षात घेतला नव्हता. कापू नका.

मग स्कॅनरचं सांगतो. बाजारातले पातळ, स्वस्त फ्लॅटबेड सीआयएस जातीचे असतात. त्यांना काचेपासून जरा वर उचललेला भाग धूसर दिसतो. जोड्या सुट्या केल्यात तर हे चालून जाईल. घडीची रेघ तेवढी काचेवर दाबून बसवा. जाडजूड जुना सीसीडी स्कॅनर (त्याला जरा उचललेला भागही स्पष्ट दिसतो) कुणाकडून मिळाला तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं: स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद करा. पार्श्वभूमी पांढरी करणारी सोय पुसट पेन्सिल मळ समजून पुसून टाकते. रंगीत छपाई ठिपक्यांची असते, त्यामुळं स्कॅनमध्ये नक्षी दिसते आणि ती घालवायला डीस्क्रीन नावाचा पर्याय असतो. तोही मूळ फाइलला लावू नका, कारण तो बारीक रेघा बोथट करतो. मूळ स्कॅन जसाच्या तसा टिफमध्ये (तपशील न गाळणारी फाइल) ठेवा आणि साफसफाई प्रतीवर करा. पानामागं काळा कार्डपेपर ठेवलात तर मागची छपाई झिरपून दिसत नाही.

४०० डीपीआय (एका इंचात ४०० ठिपके) पुरेल. ए४ आकाराचं एक रंगीत पान साधारण ४६ एमबी होतं. शंभर पानांचा अंक धरला तर ४.६ जीबी, ३४ अंकांचे १५६ जीबीच्या आसपास. ६०० वर गेलात तर याच्या सव्वादोन पट. म्हणून नोंदी असलेलीच पानं ६०० वर पुन्हा एकदा घ्या. तीच फाइल राखाडी छटांत करून कॉन्ट्रास्ट वाढवलात की पेन्सिल कशी उठून येते बघा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि एक डिस्क सांगलीबाहेर.

कपाटात 'चिप' किंवा 'डिजिट' या संगणक मासिकांबरोबर यायच्या त्या सीडी आहेत का हेही बघा. 'चिप'चं २००१ मध्ये 'डिजिट' झालं, त्या आधीच्या सीडी मी शोधत असतो. आज त्यांचं महत्त्व पटत नाही, पण ५६ केच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायला सलग २५ तासांपेक्षा जास्त लागले असते. गेमचे डेमो, पॅच, ड्रायव्हर, सगळं महिन्याच्या सीडीवरूनच घरी यायचं.

शेफिल्डकर

मूळचा इचलकरंजीचा, आता इंग्लंडात. 'प्रोबोटेक्टर'शेजारची ती ओळ वाचून अंगावर काटा आला. काकांनी जे ओळखलं ते तंतोतंत खरं आहे. जर्मनीतल्या कडक नियमांमुळं हा गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीनं युरोपसाठी कॉन्ट्रातली माणसं काढून रोबो घातले आणि नाव बदललं. आपल्याकडच्या कॅसेटींवर मात्र माणसांचाच कॉन्ट्रा होता. म्हणजे सांगलीतल्या एका माणसानं नाव वेगळं, चित्रं वेगळी असताना फक्त नकाशावरून दोन्ही एकच आहेत हे शोधलं. हे इथल्या कुठल्या मासिकात छापलेलं मी पाहिलेलं नाही, कारण इथल्या मुलांना मीडियाचा कन्सोल माहीतच नव्हता.

विटेबद्दल एक सुचवतो. 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' नोव्हेंबर १९८१ ते २००४ छापील निघत होतं आणि त्याच्या पुष्कळ अंकांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर आहेत. 'मीन मशीन्स'चेही आहेत. विटेच्या वरच्या पानावरून किंवा पाठीवरून महिना ओळखा, तोच अंक उतरवून घ्या. छापील मजकूर तर परत मिळाला. गेलेत ते काकांचे शब्द, आणि काका तुमच्या घरात आहेत. तीच पानं त्यांना टीव्हीवर मोठी करून दाखवा आणि विचारा, इथं काय लिहिलं होतं?

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन नावाची संस्था आहे. २०२३ मध्ये त्यांनी पाहणी केली तेव्हा तिथल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज विकत मिळत नाहीत असं निघालं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी १,५०० हून जास्त जुने गेमिंग अंक ऑनलाइन वाचायला खुले केले. इथं शेफिल्डला राष्ट्रीय व्हिडिओ गेम संग्रहालय आहे, मी मुलीला घेऊन दोनदा गेलोय. भारतातल्या पार्लरबद्दल तिथं मला काही दिसलं नाही. तुमचे अंक हा त्या बाजूचा पुरावा आहे, म्हणून पेन्सिलीचा एकही ठिपका वगळू नका.

इंटरनेटवर टाकण्याबाबत: भारतीय कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी मुभा आहे, कलम ५२ मध्ये. काकांना दाखवण्यात काहीच अडचण नाही. पूर्ण अंक सार्वजनिक करणं वेगळी गोष्ट, ते छापणाऱ्याच्या हक्कात येतं. नोंदी मात्र काकांच्या स्वतःच्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन समासाचे तुकडे आणि मराठी मजकूर टाका.

सोल्डर_कोल्हापूर

ताई, कन्सोलचं मी सांगतो. लाल दिवा लागतोय म्हणजे निम्मं काम झालंय. कॅसेट काढा आणि तिच्या धातूच्या पट्ट्या बघा. काळ्या पडल्या असतील. औषधाच्या दुकानातलं नको, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं मिळतं, ते कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. लई काळं असेल तर पांढरा खोडरबर हलक्या हातानं. लहानपणी आपण फुंकर मारायचो, ती आता मारू नका. तोंडातल्या ओलीनंच पट्ट्या गंजतात. तेव्हा कॅसेट चालायची ती काढून परत बसवल्यामुळं, फुंकरीनं नव्हे.

तरीही आलं नाही तर टीव्हीचं बघा. पिवळी-पांढरी वायर असेल तर एव्हीला लावा. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीवर हातानं चॅनेल शोधावा लागतो, नव्या टीव्हीत आधी अॅनालॉग ट्यूनिंग निवडा. अडॅप्टर मूळचाच आहे का? नवा घेतला असेल तर अधिक-उणे टोकं मीटरवर तपासून मगच लावा. आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो, त्याच्या आउटपुटच्या पायावर ५ व्होल्ट मिळायला पाहिजेत. शेजारचे कॅपॅसिटर तीस वर्षांत सुकलेले असतात. पन्नास रुपयांचा माल आहे, बदलून टाकावेत.

बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही, कितीही दुरुस्त करा. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकं मारायच्या गेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड नेमक्या वेळी शोधतो. नव्या टीव्हीत चित्र उशिरा येतं, तोवर वेळ टळलेली असते. तुमच्याकडं जुना डब्बा टीव्ही राहिला असेल तर भंगारात घालू नका. पण मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्ट साठलेले असतात.

गावभाग_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी काम करायचं ठरवलं.

पहिल्या अंकाची पिन काढायला मला पाऊण तास लागला, आता दहा मिनिटं लागतात. सहा अंक पूर्ण झालेत. फ्लॅटबेड, तुम्ही सांगितलेली पार्श्वभूमीची सोय खरंच चालू होती. बंद केल्यावर एका पानावर आणखी चार ओळी दिसल्या, त्या मला डोळ्यांनी दिसल्याच नव्हत्या. एक वहीही सापडली, पार्लरमधल्या मुलांची नावं आणि स्कोअर लिहिलेली. ती स्कॅन केलीय, पण कुणाला दाखवणार नाही. ती मुलं आता चाळिशीची झाली असतील. त्यांना विचारल्याशिवाय ती नावं बाहेर जाणार नाहीत.

कन्सोल सुरू झाला. कॅपॅसिटर कोल्हापूरला बदलून आणले. डब्बा टीव्ही शेजाऱ्यांच्या माळ्यावर होता, त्यांनी तसाच दिला. चुलतभावाचा मुलगा पहिल्या दिवशी बदकं मारत बसला आणि काका आवाजावरून सांगत होते, "चुकला. आता लागला."

विटेतल्या सातांपैकी पाच अंकांचे महिने कळले आणि पाचही मिळाले. शेफिल्डकर, तुम्ही म्हणालात तसं केलं. पान टीव्हीवर भरून लावलं. काका खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. पहिलं पान बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग डावीकडच्या समासावर बोट ठेवून म्हणाले, "इथं लिही. एस गोळी सोडायची नाही, एफ समोर आली तरी उडी मारून चुकवायची." (कॉन्ट्रात एस म्हणजे पसरत जाणारी गोळी, एफ म्हणजे आगीची.) मी लिहिलं. "आणि त्याच्याखाली एक रेघ मार, तिथं रेघ होती."

चार पानं झालीत. रोज संध्याकाळी चहा झाला की स्वतःच टीव्ही लावायला सांगतात. दोन अंकांचे महिने अजून ओळखता आलेले नाहीत. त्यांच्या मुखपृष्ठाच्या सुटलेल्या कोपऱ्याचा फोटो उद्या इथं टाकते. कुणाला निळ्या पट्टीवरून आणि खालच्या अर्ध्या अक्षरावरून अंक ओळखता आला तर कळवा.